फकिराच्या घोड्यामागं राहिलेली पुस्तकं

१ ऑगस्ट आला की घाटावर अन् घाटाखाली अण्णाभाऊंचे बॅनर लागतात. बाजूला घोड्यावरचा फकिरा, हातात तलवार. भाषणं होतात, डीजे वाजतो, दुसऱ्या दिवशी बॅनर उतरतो. तीसाहून जास्त कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला आपण एका घोड्यावर बसवून मोकळे झालो, काहून?

'फकिरा' मोठीच आहे. १९५९ची ही कादंबरी अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. ते लाल बावट्याचे शाहीर होते म्हणून त्यांना परकं समजणाऱ्या आपल्यातल्या काही शहाण्यांनी ते अर्पणाचं पान एकदा उघडून पाहावं. १९६१ला तिला राज्य सरकारचं बक्षीस मिळालं, अन् तिथूनच बाकीची पुस्तकं अंधारात जायला लागली. प्रस्थापित समीक्षेनं 'लोकशाहीर' असा शिक्का मारून त्यांना वेशीबाहेर ठेवलं. लोकशाहीर म्हटलं की कादंबरीकार म्हणून वाचायची जबाबदारी संपते. सोयीचं आहे सारं!

आता 'माकडीचा माळ' घ्या. १९६३ची कादंबरी. माकडवाले, गारुडी, डोंबारी अशा भटक्यांची पालं माळावर पडलेली. लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' आलं १९८०ला, लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ला. तेव्हा सारा महाराष्ट्र दचकला. त्याच्या कितीतरी आधी अण्णाभाऊ पालात शिरून आले होते, कोणी दचकलं नाही. या लोकांच्या कपाळावर इंग्रजांनी १८७१च्या कायद्यानं गुन्हेगार असं कोरलं, तो कायदा गेला १९५२ला. कायदा गेला तरी नजर गेली नाही. गावात चोरी झाली की आजही पहिली नजर पालाकडेच जाते, हे आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही कार्यकर्त्याला सांगावं लागत नाही. अण्णाभाऊंचं मोठेपण असं की त्यांनी या माणसांना नुसतं दयेचं गिऱ्हाईक केलं नाही. पालातली भांडणं, जातपंचायतीचा धाक, आपल्याच पोरीबाळींवरची जबरदस्ती, हे बी लिहिलं. जो आतून पाहतो त्यालाच आतला सडका भाग दिसतो. 'बरबाद्या कंजारी' या कथेतही जातपंचायतीपुढं एकटा उभा राहिलेला बाप आहे.

अन् या 'माकडीचा माळ'चं पडद्यावर काय झालं? 'डोंगरची मैना'! नावावरूनच कळतं, पालाचं बिऱ्हाड गेलं अन् मैना तेवढी राहिली. अर्थात सारा दोष सिनेमावाल्यांचा नाही. अण्णाभाऊंच्या कादंबरीतच तमाशाचा, वगाचा एक ठेका असतो. खलनायक आला की तो काळाकुट्ट, नायिका आली की देखणी अन् निष्कलंक. मुंबईत देहविक्रीच्या खाईत ढकलली जाणारी 'चित्रा' घ्या, की मुरळीच्या प्रथेवरची 'चिखलातील कमळ' घ्या. बाई लढते, माघार घेत नाही, पण लढते ती बहुतेक अब्रूसाठी. अब्रू हे माप कोणी घालून दिलं, हा सवाल अण्णाभाऊ फारसा विचारत नाहीत. आपल्या बायामाणसांनी तो विचारला पाहिजे. त्यांच्यावर प्रेम आहे म्हणून हे झाकून ठेवायचं नसतं.

लहान कथेत मात्र हा माणूस कोणाच्या बापाला ऐकत नाही. 'स्मशानातील सोनं'मधला भीमा खाणीत दगड फोडणारा. खाण बंद पडते. मग तो मढ्यांची राख चाळून सोनं शोधतो, पुढं मढीच उकरतो. कोल्ह्यांशी झुंजतो. शेवटी एका मढ्याच्या जबड्यात बोटं अडकतात, दोन बोटं जातात. अन् त्याच वेळी खबर येते, खाण पुन्हा सुरू झाली. पहाड फोडणारी बोटं तर गेली! इथं वगाचा ठेका नाही की कोणी खलनायक नाही. बेकारी माणसाला मढ्यापर्यंत कशी नेते ते आहे, बस. प्रेतापेक्षा भूक मोठी, हे सांगायला मार्क्सचं नावही घ्यावं लागलेलं नाही. विचारसरणीचं ओझं घेऊन लिहितात असा आरोप करणाऱ्यांनी या कथेत ओझं कुठं आहे ते दाखवावं.

आता जरा नाजूक जागी येतो. १ ऑगस्ट २०२४ला, नेमक्या अण्णाभाऊंच्या जयंतीदिवशी, सुप्रीम कोर्टानं अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा अधिकार राज्यांना दिला. तेव्हापासून आपल्यात गट पडले. एक म्हणतो आमचे बाबासाहेब, दुसरा म्हणतो आमचे अण्णाभाऊ. दोन्हीकडचे बॅनर आमनेसामने. कोर्टाचा निकाल बरा की वाईट त्यावर वेगळं भांडू, भांडलंच पाहिजे. पण लेका, अण्णाभाऊंना त्या भांडणातली लाठी करू नको. त्यांची 'उपकाराची फेड' नावाची एक कथा आहे. तिच्यात बामण-मराठा नाही, आपलीच उतरंड आहे. अस्पृश्यांतही एक दुसऱ्याला खालचा कसा समजतो, वरून आलेली लाथ खाली कशी सरकते, ते त्यांनी कोणाचं तोंड न पाहता लिहिलं. ती बॅनरवर येत नाही, कारण ती कोणालाच सोयीची नाही.

२०२२ला मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला, आनंद आहे. आपल्या तालुक्याच्या वाचनालयात 'माकडीचा माळ' आहे का, ते मात्र जाऊन पाहा. नसेल तर मागणीचा अर्ज द्या, चारचौघांच्या सह्यांनी. अन् येत्या जयंतीला डीजे लावण्याआधी 'उपकाराची फेड' मोठ्यानं वाचा, बौद्धवाड्यात बी अन् मांगवाड्यात बी. भांडण पेटलं तर पेटू द्या.