उधाण म्हणजे काय?

कॉलेजात नव्याने आलेल्या मुलांना साहित्याचा अभ्यास म्हणजे काय हे कसं सांगायचं, हा आजचा विषय. आपण सहसा व्याख्या देतो, कालखंड देतो, ‘कवीच्या काव्याची वैशिष्ट्ये’ देतो. मुलं ती गाइडमधून पाठ करतात आणि पास होतात. कविता मात्र वाचायची राहूनच जाते.

१९२९ साली आय. ए. रिचर्ड्सचं ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ प्रसिद्ध झालं. केंब्रिजमध्ये त्याने कवींची नावं झाकून कविता विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या आणि मत लिहायला सांगितलं. चांगली शिकलेली मुलं, पण अनेकांना कवितेचा साधा अर्थही नीट लावता आला नाही. नाव काढून घेतलं की ऐकीव मताचा आधारच जातो.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. समजा कवितेत ‘आनंदाला उधाण’ असं आलं. गाइड सांगतं: उधाण म्हणजे खूप वाढ. एका मार्काचं उत्तर झालं! पण कोळीवाड्यातल्या मुलीला ठाऊक असतं की उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला येतं, अष्टमीच्या सुमाराला भांग असतो. म्हणजे उधाणाला तिथी आहे आणि ओसरणंही आहे. पेण-अलिबागच्या खारेपाटातल्या मुलाला त्याहून वेगळं ठाऊक असतं. उधाणात बांधाला खांड पडली की खारं पाणी भातशेतीत शिरतं. त्याच्या घरी हा शब्द भीतीचा आहे.

मग खरा अर्थ कोणाचा? ‘ज्याला जे वाटेल ते’ असं म्हणून आपण सुटतो, पण ते बरोबर नाही. कांटने १७९० मध्येच दाखवलं की ‘हे सुंदर आहे’ म्हणताना आपण नुसती आपली आवड सांगत नाही, इतरांनीही मान्य करावं अशी मागणी करतो. ती मागणी नियम लावून सिद्ध करता येत नाही. पण कवितेकडे बोट दाखवून ‘इथे बघा’ म्हणता येतं. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये संवाद, विरोध, समतोल हे लयीचे नियम मांडले, त्यांचा उपयोग इथे होतो. उधाणाच्या शेजारचे शब्द कोणते? त्यांच्याशी त्याचा मेळ आहे की विरोध? आनंद ओसरण्याची चाहूल पुढे कुठे आहे का? असेल तर कोळ्याच्या मुलीचं ज्ञान कवितेत शिरलं. नसेल तर तिनेही ते बाजूला ठेवायचं. खारेपाटातल्या मुलाची भीती खरी आहे, पण ती कवितेवर लादता येणार नाही.

तेव्हा पहिल्या तासाला आम्ही तीनच प्रश्न सुचवतो. काय वाटलं? कुठल्या शब्दामुळे वाटलं? आणि बाकीची कविता त्याला साथ देते का? पहिल्यावर थांबला तो रसिक. तिसऱ्यापर्यंत गेला तो अभ्यासक.

आपली मुलं हा शब्द घरून घेऊन येतात. वर्गात आपण तो काढून घेतो आणि बदल्यात गाइडचा अर्थ देतो. तोट्याचा व्यवहार आहे हा. पुढच्या तासाला कविता फळ्यावर लिहा, कवीचं नाव लिहू नका आणि दहा मिनिटं मुलांना बोलू द्या.