पाण्याचें काम कोणीं करावें?

महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ सालच्या ग्रंथाविषयीं आपल्याकडे विपुल लिहिलें गेलें आहे. परंतु टीकाकारांचें लक्ष बहुधा त्यांतील प्रहारांवरच खिळतें. शेवटच्या प्रकरणांतील पाण्याची योजना परिशिष्टासारखी चाळून सोडली जाते. पाऊस चुकला कीं विहिरी तळ दाखवितात अशा, भोकरदन तालुक्यांतील हसनाबादेसारख्या गांवीं बसून वाचणाऱ्यास हा क्रम उलटा वाटल्याखेरीज राहात नाहीं.

जोतीरावांची सूचना अशी: सरकारच्या पदरीं रिकामे असलेले पलटणींतील शिपाई व जास्त झालेले पोलीस यांजकडून ठिकठिकाणीं लहानमोठीं धरणें व बंधारे बांधवावे, म्हणजे पावसाचें पाणी आधीं शेतांत मुरून मग नदीनाल्यास मिळेल. पाणाड्यांकडून झरे शोधवून त्यांच्या खुणा गांवच्या नकाशांत कराव्या, हेंही ते सुचवितात. एरवीं फटकारे मारणारी भाषा येथें एकदम हिशेबी होते, आणि मला तर ग्रंथाचें मर्म या पालटांतच दिसतें. उपाय ठाऊक असलेल्या माणसाचा तो संताप आहे.

अर्थात् ही विनंती इंग्रज सरकारला होती. हसनाबाद तेव्हां निजामाच्या राज्यांत. पण काळ्या पाषाणाच्या भेगांत व मुरमांत पाणी धरणारी भूमि दोहींकडे एकच. पुढें १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रभर पाझर तलाव व बांध झाले, ते कोणीं केले? करपलेलें शेत मागें टाकून आलेल्या शेतकरी स्त्रीपुरुषांनींच, रोजावर. फुल्यांच्या योजनेंतील बांध तेवढे उचलले गेले. शिपाई बराकींतच राहिले.

जालन्याजवळील कडवंचीनें १९९० नंतरच्या दशकांत भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमाखालीं आपला ओघळ नि ओघळ अडविला, आणि २०१२ च्या अवर्षणांतही तेथील द्राक्षबागा तगल्या. जोतीरावांच्या बाजूनें याहून बळकट साक्ष कोणती? तथापि मुरलेलें पाणी कोणाचें, या प्रश्नाचें उत्तर मला त्यांच्या योजनेंत सांपडत नाहीं. आज मराठवाड्यांत प्लास्टिक अंथरलेलीं कित्येक शेततळीं विहिरी उपसून भरलीं जातात. सर्वांच्या भूमींतलें पाणी एकाच्या तळ्यांत येऊन उन्हानें उडतें, आणि शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते. भूजलाचा कायदा २००९ सालचा आहे खरा. पण ज्याच्या बांधाला बांध लागला आहे, त्याच्यावर फिर्याद घेऊन जाणार कोण?