चित्रातील पापणी आणि वैद्यकीय निदान : एक चिकित्सा

प्रास्ताविक :
चित्रातील चेहऱ्यावरून व्याधीचे निदान करण्याची प्रथा वैद्यकीय लेखनात रुळलेली आहे. यान डेकेकर व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘मोनालिसा’च्या डाव्या वरच्या पापणीच्या आतील टोकाशी दिसणाऱ्या पिवळसर डागास झँथेलाझ्मा ठरविले व त्याचा संबंध रक्तातील वाढलेल्या मेदाशी जोडला. अशा वाचनाची मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
डोळ्याभोवतीचे सर्व उंचवटे एकाच जातीचे नसतात. झँथेलाझ्मा हा त्वचेतील कोलेस्टेरॉलयुक्त पेशींचा चपटा, पिवळसर थर होय. तो असलेल्या सुमारे निम्म्या व्यक्तींच्या रक्तातील मेद प्रमाणातच आढळतो. खालच्या पापणीची ‘पिशवी’ निराळी. नेत्रगोलाभोवतीची चरबी पातळ पडद्यामागे असते; वयोमानानुसार तो पडदा सैलावतो व चरबी पुढे येते. तज्ज्ञाने मिटलेल्या पापणीवरून नेत्रगोल हलकेच दाबला अथवा रुग्णाने वर पाहिले, की हा फुगवटा अधिक उठून दिसतो. निव्वळ सुजेत असा फरक सहसा पडत नाही. वरच्या पापणीच्या बाहेरील बाजूस फुगवटा असल्यास चरबीपेक्षा अश्रुग्रंथीचा विचार आधी करावा लागतो. तात्पर्य, केवळ दिसण्यावरून निदान होत नाही. स्पर्श, हालचाल आणि पूर्वेतिहास यांची त्यास जोड लागते.

‘मोनालिसा’बाबत यांपैकी काहीच हाती नाही. शिवाय चित्रावरील वार्निश काळाच्या ओघात पिवळे पडले आहे. तेव्हा ‘पिवळसर’ या लक्षणास कितपत प्रमाण मानावे, हा मूलभूत प्रश्न उरतो. त्याचे उत्तर न देता एका ऐतिहासिक स्त्रीस रुग्ण ठरविणे उचित वाटत नाही.

रेम्ब्रांटबाबत स्थिती थोडी वेगळी आहे. त्याची १६४० व १६६९ मधील आत्मचित्रे लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. चौतिसाव्या वर्षीच्या चित्रात डोळ्यांखालचा भाग तुलनेने आटोपशीर आहे. त्रेसष्टाव्या वर्षीच्या चित्रात तेथे पिशव्या स्पष्ट लोंबतात. येथेही स्पर्श नाही. परंतु एकाच चेहऱ्याचा एकोणतीस वर्षांचा पूर्वेतिहास आहे. त्यामुळे वयोजन्य, निरुपद्रवी मेदाचे अनुमान येथे अधिक सयुक्तिक ठरते. तथापि तेही अनुमानच होय.

निष्कर्ष :
एकटे चित्र फार तर लक्षण सूचित करते. चित्रमालिका त्याचा इतिहास सांगते. निदानासाठी मात्र जिवंत पापणीच समोर असावी लागते. कलासमीक्षकाने व वैद्यकानेही हा भेद जपणे आवश्यक आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.