‘मानांकन’ की निर्देश? : एका रूढ संज्ञेची चिकित्सा

प्रस्तावना

जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापनेनंतर आंतरराष्ट्रीय व्यापारी कायदा हा केवळ विधी महाविद्यालयांचा विषय उरला नाही. १५ एप्रिल १९९४ रोजी मराकेश येथे स्वाक्षरी झालेल्या करारसमूहात बौद्धिक संपदेचा ट्रिप्स करार समाविष्ट होता. १ जानेवारी १९९५ पासून तो अमलात आला आणि त्यातील संज्ञा वाणिज्य, अर्थशास्त्र, गृहविज्ञान अशा विविध विद्याशाखांच्या अभ्यासक्रमांत शिरल्या. संज्ञा मराठीत वेगाने आल्या. संकल्पना मात्र तितक्या नेमकेपणाने आल्या असे म्हणता येत नाही. ‘भौगोलिक मानांकन’ ही आज वृत्तपत्रांपासून प्रश्नपत्रिकांपर्यंत सर्वत्र रूढ झालेली संज्ञा याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या संज्ञेची चिकित्सा केली असून त्यासाठी पैठणी व कोल्हापुरी चप्पल ही दोन परिचित उदाहरणे घेतली आहेत.

संज्ञेतील दोष

‘मानांकन’ म्हटले की दर्जा ठरवून दिलेला गुण किंवा मान असा अर्थ मनात येतो. महाविद्यालयीन वर्तुळात ‘नॅक मानांकन’, उद्योगक्षेत्रात ‘आयएसओ मानांकन’ हे शब्द याच अर्थाने वापरले जातात. ट्रिप्स कराराच्या बाविसाव्या कलमातील मूळ संकल्पना मात्र ‘निर्देशा’ची आहे. एखादा माल विशिष्ट प्रदेशातील आहे आणि त्याची गुणवत्ता, लौकिक किंवा अन्य वैशिष्ट्य मुख्यत्वे त्या प्रदेशामुळे आहे, हे ओळखवून देणारी खूण म्हणजे भौगोलिक निर्देश. व्याख्येत ‘गुणवत्ता’ हा शब्द आहे, त्यामुळे ‘मानांकन’ सर्वस्वी निराधार नाही. परंतु ‘गुणवत्ता’ आणि ‘लौकिक’ यांच्यामध्ये ‘किंवा’ आहे, आणि कायदा संरक्षण देतो ते खुणेला. काही ठिकाणी आढळणारा ‘भौगोलिक निर्देशांक’ हा शब्द तर शेअर बाजाराची आठवण करून देतो. त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

हा घोळ वाढण्यास एक अभिमानास्पद घटनाही कारणीभूत आहे. जखम बरी करण्यासाठी हळदीच्या वापरावर १९९५ मध्ये अमेरिकेत दिलेले पेटंट, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यानंतर १९९७ मध्ये रद्द झाले. तो लढा एकस्वाचा होता. शोध नवा नाही, एवढे सिद्ध करणे त्यात पुरेसे होते. त्यातून कोणालाही हळदीवर हक्क मिळाला नाही, तर दुसऱ्याने घेतलेला हक्क नाहीसा झाला. तरीही ‘आपल्या वस्तूचे पेटंट मिळाले’ अशा थाटात भौगोलिक नोंदणीच्या बातम्या छापल्या जातात आणि विद्यार्थी दोन्ही संकल्पना एकाच उत्तरात लिहितात.

‘सेमी पैठणी’चा प्रश्न

भारताने या विषयावरील कायदा १९९९ मध्ये केला. १५ सप्टेंबर २००३ पासून तो अमलात आला आणि त्याची नोंदणी कचेरी चेन्नई येथे आहे. २००४ मध्ये दार्जिलिंग चहाची पहिली नोंद झाली. पुढे पैठणीचीही झाली. पैठणी हे नाव पैठणचे असले तरी विणकामाचे मोठे केंद्र नाशिक जिल्ह्यातील येवला हे आहे. रेशीम बहुतांशी कर्नाटकातून आणि जर सुरतेहून येते. हे ऐकून एखाद्याला नोंदणीच संशयास्पद वाटेल. पण कायद्याच्या दुसऱ्या कलमानुसार निर्मित मालाच्या बाबतीत उत्पादन, प्रक्रिया किंवा तयारी यांपैकी एक क्रिया त्या प्रदेशात होणे पुरेसे आहे. पैठणीची ओळख हातमागावरील विणीत आहे, तेव्हा ही अट ती सहज पूर्ण करते.

खरी अडचण बाजारात आहे. गुलमंडी असो की गारखेडा परिसर, यंत्रमागावरील स्वस्त साडी ‘सेमी पैठणी’ या नावाने उघडपणे मागितली जाते आणि दाखवलीही जाते. कोणी कोणास फसवत नाही, असा युक्तिवाद येथे संभवतो. ट्रिप्स कराराचे विसंगत रूप इथेच उघडे पडते. तेविसाव्या कलमानुसार वाइन व मद्य यांच्या बाबतीत ‘प्रकार’, ‘शैली’, ‘नक्कल’ असे शब्द जोडूनही संरक्षित नाव वापरता येत नाही. ग्राहकाची दिशाभूल झाली की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. इतर सर्व मालाला, म्हणजे चहाला, तांदळाला, साडीला, बाविसाव्या कलमाचे कमी संरक्षण आहे. तेथे दिशाभूल दाखवावी लागते. युरोपच्या द्राक्षमळ्यांनी वाटाघाटीत मिळवलेला हा लाभ आहे, त्यामागे कोणतेही तत्त्व दिसत नाही. दोहा फेरीपासून भारताने हे जादा संरक्षण सर्व मालाला मिळावे अशी भूमिका घेतली. तथापि स्वतःच्या कायद्यात, बाविसाव्या कलमाच्या दुसऱ्या व तिसऱ्या पोटकलमांत, असे संरक्षण केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या मालापुरतेच ठेवले. परदेशात मागायचे ते घरी अधिसूचनेवर सोडायचे, ही विसंगती आजवरच्या मराठी लेखनात फारशी चर्चिली गेलेली नाही. हातमागावर महिनोन्‌महिने बसणाऱ्या विणकराच्या दृष्टीने ‘सेमी’ हे दोन अक्षरी विशेषण नोंदणीच्या प्रमाणपत्रापेक्षा अधिक परिणामकारक ठरते.

कोल्हापुरी चप्पल आणि प्राडा

जून २०२५ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीशी मिळतीजुळती पादत्राणे सादर केली. मूळ स्थानाचा उल्लेख नव्हता. महाराष्ट्रात संताप व्यक्त झाला आणि ‘मानांकन असताना नक्कल कशी?’ हा प्रश्न सर्वत्र विचारला गेला. प्रश्नातच संज्ञेचा दोष दडलेला आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी जी नोंद जाहीर झाली, ती मुख्यत्वे ‘कोल्हापुरी चप्पल’ या नावाची होती. कंपनीने ते नावच वापरले नव्हते. शिवाय भारतातील नोंदणी भारतापुरती. लिस्बन कराराच्या २०१५ च्या जिनिव्हा मसुद्यात युरोपीय संघ सामील आहे, भारत नाही.

आकाराला संरक्षण मुळीच नाही, असा उलट टोकाचा निष्कर्षही घाईचा ठरेल. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १७ डिसेंबर २०२० रोजी ‘मोर्बिए’ या फ्रेंच चीजच्या प्रकरणात असे म्हटले की, नाव न वापरताही त्या चीजमधील काळ्या रेघेसारख्या वैशिष्ट्यपूर्ण रूपाची नक्कल ग्राहकाची दिशाभूल करू शकत असेल तर ती निषिद्ध ठरू शकते. भारतीय कायद्यातही ‘सादरीकरण’ या अर्थाचा शब्द आहे. अंगठ्याची कडी व वेणीची गुंफण यांचा त्या शब्दात समावेश होतो काय, हा न्यायालयासमोर जाण्यास पात्र असा मुद्दा होता. तो गेला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जनहित याचिका फेटाळली ती याचिकाकर्त्यांच्या अधिकाराच्या मुद्द्यावर. दाद मागायची तर नोंदणीकृत मालकांनी मागावी, असा त्याचा आशय होता. हे मालक म्हणजे दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे. ती न्यायालयात गेली नव्हती.

डिसेंबर २०२५ मध्ये याच महामंडळांशी प्राडाने करार केला आणि दोन्ही राज्यांत सुमारे २,००० जोड बनवून घेण्याची योजना जाहीर झाली. प्रत्येक जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. कारागिरांना काम मिळणे स्वागतार्हच. पण हे फलित बौद्धिक संपदेचे नव्हे. ते लोकक्षोभाचे आणि त्यानंतरच्या साध्या व्यापारी कराराचे आहे, आणि करारातून मिळालेले कराराच्या मुदतीबरोबर संपते. वृत्तांकनात मात्र तो ‘मानांकनाचा विजय’ ठरला.

दरम्यान हस्तकला व औद्योगिक वस्तूंच्या भौगोलिक निर्देशांसाठी युरोपीय संघाची २०२३ ची नियमावली १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. संघाबाहेरील उत्पादकांनाही तिच्याखाली अर्ज करता येतो. अट अशी की नाव मायदेशात संरक्षित असावे. ट्रिप्सच्या चोविसाव्या कलमातील जुने सूत्रही हेच आहे. कोल्हापुरी व पैठणी ही दोन्ही नावे ती अट पूर्ण करतात. अर्ज मालकाने करायचा. आणि भारतीय कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे नाव वापरण्याचा अनन्य हक्क मात्र सतराव्या कलमाखाली नोंद झालेल्या ‘अधिकृत वापरकर्त्या’चा. येवल्याच्या मागावरचा किंवा अथणीच्या कारखान्यातला कोणता कारागीर त्या नोंदवहीत आहे, हे नोंदणीच्या समारंभाच्या बातमीत सहसा छापलेले नसते.