जहाज बुडालं, नोंद संपली?

‘ओकिनोशिमा’ या जपानी जहाजाची सेवानोंद आपण वाचतो, तेव्हा तारखा चोख मिळतात. १९३६ साली नौदलात दाखल. डिसेंबर १९४१ मध्ये गिल्बर्ट बेटं. मे १९४२ मध्ये तुलागी. आणि त्याच महिन्यात अमेरिकी पाणबुडी एस-४२च्या हल्ल्यानंतर जलसमाधी. आता बघा, बांधलं होतं पाणसुरुंग पेरायला. या दोन्ही मोहिमांत मात्र ते सैन्य उतरवणाऱ्या ताफ्याची ध्वजनौका होतं. बेटं घेणं हेच त्याचं काम झालं, पण बेटांवरची माणसं नोंदीत कुठे आहेत? आमचा आक्षेप इथेच आहे. जहाज बुडालं की नोंद संपते. गिल्बर्टमधल्या माकिनवरचा जपानी ताबा मात्र नोव्हेंबर १९४३पर्यंत टिकला. तो हिशेब कोणत्या पानावर मांडायचा?