हार्वेचा हिशेब

रक्ताभिसरणाच्या धड्यात विल्यम हार्वे बहुधा एका वाक्यापुरता येतो: ‘१६२८ साली हार्वेने रक्ताभिसरणाचा शोध लावला.’ पुढे फळ्यावर हृदयाचे चार कप्पे आणि निळ्या-तांबड्या खडूने काढलेल्या वाहिन्या. परीक्षेला एवढे पुरते. पण त्या साली फ्रँकफुर्टला छापले गेलेले हार्वेचे छोटेसे लॅटिन पुस्तक पाहिले, की या एका वाक्याने आपण मुलांना कशाला मुकवतो ते कळते.

त्यापूर्वी सुमारे चौदाशे वर्षे गेलनचे मत प्रमाण होते. अन्नापासून यकृतात सतत रक्त तयार होते, नीलांमधून अवयवांकडे जाते आणि तेथेच खर्ची पडते, असे हे मत. हार्वेने साधा गुणाकार केला. एका ठोक्याला अर्धा औंस रक्त हृदयाबाहेर पडते आणि अर्ध्या तासात हजार ठोके पडतात असे धरा. झाले ५०० औंस, म्हणजे सुमारे १५ लिटर! इतके रक्त शरीरातच नसते, मग ते अर्ध्या तासाच्या अन्नातून कोठून येणार? तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे.

आता यातले आकडे तपासू. आज आपण ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर आणि मिनिटाला ७२ ठोके धरतो. अर्ध्या तासाचे होतात सुमारे १५० लिटर. म्हणजे हार्वेचे उत्तर दहापट कमी आहे! तरीही निष्कर्ष ढळत नाही, उलट अधिक पक्का होतो. काही जणांत ठोके दोन, तीन, चार हजारही पडतात हे हार्वेला ठाऊक होते; त्याने मुद्दाम कमीत कमी आकडा घेतला. अंदाज कोणत्या बाजूला चुकलेला चालेल, हे ओळखणे हाच या पुस्तकातला मोठा धडा आहे.

पुस्तकात उणिवाही आहेत. नीलांमधल्या झडपांवरून रक्त हृदयाकडेच वाहते हे हार्वेने दाखवले. पण रोहिणीतले रक्त नीलेत कसे शिरते, ते त्याला दाखवता आले नाही. बेडकाच्या फुप्फुसातल्या केशवाहिन्या माल्पीगीने सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या त्या १६६१ साली, हार्वेच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. न दिसणारा दुवा असलाच पाहिजे, असे हार्वे केवळ तर्काने म्हणत होता. नेमका हा भाग आपल्या धड्यांतून गळतो.

शिक्षक मित्रहो, पुढच्या वेळी आकृती थोडी उशिरा काढा. आधी मुलांना मनगटावरची नाडी मिनिटभर मोजू द्या, ७० ने गुणू द्या. शरीरात रक्त सुमारे पाचच लिटर असते, हे सांगा आणि गप्प बसा. ‘मग सर, एवढे रक्त येते कोठून?’ हा प्रश्न वर्गातून आला, की धडा निम्मा झालाच.