जुन्या मुक्त प्रणालीची पुनर्स्थापना आणि पाठभेदाचा प्रश्न : उबुंटू ८.०४ च्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

मुक्त प्रणालीची स्रोत-संहिता सर्वांना उपलब्ध असते; म्हणून तिची कोणतीही जुनी आवृत्ती केव्हाही जशीच्या तशी उभी करता येते, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा उबुंटू ८.०४ या लिनक्स आवृत्तीच्या आधारे केली आहे. ही आवृत्ती २४ एप्रिल २००८ रोजी प्रसिद्ध झाली. तिच्या डेस्कटॉप रूपाचे साहाय्य मे २०११ मध्ये व सर्व्हर रूपाचे मे २०१३ मध्ये संपले. त्या काळातील एखादे संगणकीय विश्लेषण पडताळून पाहावयाचे झाल्यास आजच्या संशोधकाला तिच्याकडे वळावे लागते.

यंत्र आणि भांडार

पहिली अडचण यंत्राची. ८.०४ चा गाभा २.६.२४ हा आहे. आजच्या संगणकांतील एनव्हीएमई डिस्क ओळखण्याची सोय लिनक्सच्या गाभ्यात ३.३ पासून, म्हणजे २०१२ मध्ये आली. साहजिकच इन्स्टॉलरला अशी डिस्क दिसतच नाही. आभासी यंत्राचा (व्हर्च्युअल मशीनचा) अवलंब केल्यास ही अडचण दूर होते. दुसरी अडचण भांडाराची. मूळ पत्त्यावरील संकुले जुन्या आवृत्त्यांच्या स्वतंत्र भांडारात हलविण्यात आली असल्याने तो पत्ता हाताने बदलावा लागतो. तिसरी अडचण म्हणजे सोबतच्या फायरफॉक्स ३ बीटा ५ ला टीएलएस १.२ अवगत नाही. त्यामुळे आजची बहुतेक संकेतस्थळे उघडत नाहीत. मात्र या तिन्ही अडचणी तांत्रिक आहेत. खरा प्रश्न याहून मूलगामी आहे.

पाठभेदाचा प्रश्न

उबुंटू ज्या डेबियनवर आधारलेली आहे, त्या डेबियनच्या ओपनएसएसएल संकुलात २००६ मध्ये एक बदल करण्यात आला. त्यामुळे यादृच्छिक संख्यांची निर्मिती इतकी दुर्बळ झाली की, एका प्रकारच्या व लांबीच्या गुप्त किल्ल्यांच्या शक्यता सुमारे ३२ हजारांपुरत्याच उरल्या. हा दोष १३ मे २००८ रोजी जाहीर झाला, तोपर्यंत ८.०४ ची मूळ सीडी प्रसिद्ध होऊन गेली होती. दुरुस्ती लगोलग आली आणि जुलै २००८ च्या ८.०४.१ मध्ये ती समाविष्ट झाली. या मालिकेतील शेवटची ८.०४.४ ही आवृत्ती जानेवारी २०१० मधील आहे.

मग खरी ८.०४ कोणती? इतिहासाच्या अभ्यासकाला एप्रिल २००८ ची सदोष सीडीच हवी. ती अद्ययावत केली की पुरावाच नाहीसा होतो. उलट, ती तशीच ठेवून जाळ्याशी जोडली तर तीवर तयार झालेल्या किल्ल्या कोणालाही शोधून काढता येतील. शिवाय संकुल दुरुस्त केल्याने आधी तयार झालेल्या किल्ल्या सबळ होत नाहीत. त्या नव्यानेच कराव्या लागतात. अशा आवृत्त्या इन्स्टॉलच करू नयेत, असा एक पक्ष आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने तो समजण्यासारखा असला, तरी तो स्वीकारल्यास जुन्या निष्कर्षांची पडताळणी करण्याचा मार्गच बंद होतो.

हा पेच ग्रंथसंपादनाला नवा नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पाठ निश्चित करताना पाठभेदही पृष्ठाच्या तळाशी जपले आहेत. दुरुस्ती आणि जतन ही परस्परविरोधी नव्हेत, एवढे भान प्रणालींच्या बाबतीतही हवे.

निष्कर्ष

मुक्त परवाना प्रत करण्याचा अधिकार देतो. जतनाची शिस्त मात्र अभ्यासकानेच पाळावयाची असते. शोधनिबंधात केवळ ‘उबुंटू ८.०४’ असा उल्लेख अपुरा ठरतो. उप-आवृत्ती, अद्ययावतीकरणाची स्थिती आणि वापरलेले यंत्र यांची नोंद आवश्यक आहे. मूळ पाठ जाळ्यापासून तोडलेल्या आभासी यंत्रात अभ्यासावा आणि तेथील कोणतीही किल्ली बाहेर वापरू नये. दैनंदिन कामासाठी मात्र साहाय्य चालू असलेली आवृत्तीच योग्य होय.